नित्यवाचनाचे ख्रिस्ती वाङ्मय आणि आपण

इ. स. १६१६ मध्ये रायतूरच्या, म्हणजे राशोलच्या, छापखान्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे आणि साऱ्या ग्रंथाचे मर्म आमच्या मते तेथेच सापडते. साष्टीतील एक ब्राह्मण, नव्याने ख्रिस्ती झालेला, पाद्रीगुरूंपुढे आपली अडचण मांडतो. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे त्याची पाठ झाली आहेत. परंतु पूर्वीची पुराणे वाचण्यास आता मनाई आहे. मग घरी बसून वाचावे काय? त्या पुराणांच्या जागी दुसरे काहीतरी पुराण आम्हांस द्या, अशी त्याची मागणी आहे.

ही मागणी साधी दिसते, पण ती करणाऱ्याला घर म्हणजे काय हे कळलेले आहे. धर्म बदलला म्हणून माणसाचा दिनक्रम एका दिवसात बदलत नाही. दिवेलागण झाली, पडवीत चार माणसे येऊन टेकली, की कोणीतरी पोथी सोडावी आणि इतरांनी ऐकावी, ही गोमंतकातील घरांची रीत होती. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये श्रीकृष्णचरित्राची कथा ओवीबद्ध करण्यास घेतली ती अशाच श्रोत्यांसाठी. पुढे अर्ध्या शतकात पोथी गेली. पण पडवी राहिली, संध्याकाळ राहिली आणि ऐकण्याची सवयही राहिली. प्रश्नोत्तरांची पुस्तिका ही सवय भागवू शकत नव्हती. प्रश्नोत्तरे परीक्षेपुरती असतात. पोथी जन्मभर पुरावी लागते.

आमचे बहुतेक वाचक कवळे, मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी या देवस्थानांचे कुळावी आहेत. त्यांस ती ‘पूर्वीची पुराणे’ कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये रायतूरच्या कप्तानाने पाडली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ हे सारे देव नदीपलीकडे अंत्रुजात गेले. १५६० मध्ये गोव्यात बसलेले इन्क्विझिशन मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत उठले नाही. ज्या ग्रंथाचा जन्मच या इतिहासाच्या पोटी झाला, तो आपण निर्विकार मनाने हाती घ्यावा असे कोणी म्हणत असेल, तर त्यास हा इतिहास ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल.

तथापि आमच्यातील वाचकांचे जे दोन वर्ग आम्हांस दिसतात, त्यांपैकी एकाशीही आमचे जुळत नाही. पहिला वर्ग या ग्रंथास शिवतच नाही. दुसरा वर्ग मराठी भाषेच्या गौरवाचा दिवस आला की स्टीफन्सच्या भाषास्तुतीच्या आठ-दहा ओव्या व्यासपीठावरून म्हणतो आणि पुढे वर्षभर ग्रंथाचे नाव काढीत नाही. त्या ओव्या गोड आहेत यात शंका नाही. परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून आपली स्तुती तेवढी वेचून घेणे यास रसिकता म्हणत नाहीत. लग्नाच्या घरी जाऊन केवळ आपल्याला मिळालेला आहेर मोजण्यातला तो प्रकार आहे.

हा विषय आम्ही आज काढला त्यास दिलसुखनगरातील आमचे शेजारपाजार कारण झाले. विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरची ही वस्ती शिकवणीच्या वर्गांनी आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांनी गजबजलेली आहे. गुरुवारी साईमंदिरापुढे रांग लागते. सुलतान बाजार आणि कोठीच्या बाजूस जुनी मराठी घरे होती. त्यांतली पुढची पिढी आणि आमची काही कोकणी कुटुंबे इकडे येऊन वसली. आमच्या भोवती तेलुगू ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या घरी पहाटे एक शिस्त असते: ग्रंथातील एक वचन वाचावयाचे, त्यावर क्षणभर विचार करावयाचा आणि मग कामास लागावयाचे. ते वचन पूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असे. आता ते बहुधा मोबाइलवर येते, खाली चार ओळींचे चिंतन जोडलेले असते, आणि आमच्या घरांतही ते चुकून-माकून येऊन पडते. आमच्या ज्येष्ठांपैकी काहींना याचे कौतुक वाटते. आपल्याकडे मात्र हरिपाठ आणि दासबोधाचे रोजचे समास मागे पडले, अशी त्यांची हळहळ. काहींना उलट वाटते की हे सारे चिठ्ठीवरचे धर्मज्ञान आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण त्यांचा निवाडा वाङ्मयाच्या अंगाने करावयाचा तर मराठीत या प्रकारचे जे उत्तम लेखन झाले, त्याच्याशी ही चिठ्ठी ताडून पाहिली पाहिजे.

प्रथम चिठ्ठीविषयी. तिच्यावर फार वेळा येणारे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायातले असते. देवाच्या मनात तुमच्याविषयी कल्याणाच्या योजना आहेत, असा त्याचा आशय. परीक्षेच्या दिवसांत ते आमच्या भागातील कित्येक मुलांच्या वहीत चिकटवलेले दिसते, आणि प्रवेश मिळाला की ते खरे झाले असे समजतात. आता मूळ प्रकरण काय आहे? यरुशलेमेहून बाबेलास धरून नेलेल्या लोकांस लिहिलेले ते पत्र आहे. लवकरच परत जाऊ, असे त्यांस काही भविष्यवादी सांगत होते. यिर्मया त्यांस नेमके उलट सांगतो. सत्तर वर्षे थांबावे लागेल. तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात तुम्हांस नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षे! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची हाडे तेथेच पडणार होती. कल्याणाचे वचन आहे ते अशांना, आणि तेही त्यांच्या नातवंडांच्या हाती येणारे.

असे हे वचन जेव्हा एका मुलाच्या एका परीक्षेस बांधले जाते, तेव्हा त्यातला सारा अर्थ गळून जातो. अशीच गत पौलाच्या एका वाक्याची. सर्व काही करण्याचे सामर्थ्य मिळाल्याचे तो फिलिप्पैकरांस लिहितो, ते बंदिवासातून. आणि त्याच्या मागच्याच ओळीत विषय चालला आहे तो भूक सोसण्याचा आणि विपुलतेतही न बहकण्याचा. चिठ्ठीवर ती भूक येत नाही, सामर्थ्य तेवढे येते. शास्त्र व्यवहारास लावणे म्हणजे व्यवहाराच्या मापाचा शास्त्राचा तुकडा कापून घेणे, असा समज येथे झालेला आहे. आम्ही हे परक्यांच्या घरचे उणे म्हणून सांगत नाही. गीतेतील निष्काम कर्माचा श्लोक विक्रीची उद्दिष्टे गाठावयाच्या कचेऱ्यांत चौकटीत लावलेला आम्ही पाहतोच, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. यिर्मयाचे ते पत्र अख्खे वाचले तर ते आमच्या समाजाइतके कोणास लागू पडत असेल? देव पालखीत घालून रातोरात नदी ओलांडली, तेव्हा पैलतीरी मांडलेले संसार तात्पुरतेच वाटले असणार. साडेचार शतके लोटली. अंत्रुजात देवळे उभी राहिली, तळी बांधली गेली, कुळागरे लावली गेली. तेथून कोणी कारवारास गेले, कोणी मंगळुरास, कोणी मुंबईस, कोणी या हैदराबादेस, आणि परक्या नगरीचे कल्याण चिंतीत राहिले. पुत्रपौत्रांची घरे परमुलखात बांधण्याचा उपदेश आमच्या पूर्वजांनी न ऐकताच आचरला. ज्यांच्या धर्माधिकाऱ्यांनी आम्हांस नदीपार घालवले त्यांच्याच ग्रंथात आमची कहाणी निघावी, हा योग विचित्र खरा. परंतु तो चार ओळींच्या चिठ्ठीत हाती लागत नाही. त्यासाठी अध्याय उघडावा लागतो.

स्टीफन्सकडे वळताना हेच लक्षात घ्यावयाचे की त्याने वचने दिली नाहीत, कथा दिली. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेला हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. चाळीस वर्षांपैकी बराच काळ त्याने साष्टीत घालवला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले, त्यांचे देह परत आणून त्यांस मूठमाती देण्यात स्टीफन्स होता. त्यानंतर बोलणीच्या निमित्ताने असोळण्यास बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गांवकारांची काय गत झाली, तेही त्याच्या डोळ्यांआड नसणार. या साऱ्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने त्याच साष्टीतल्या लोकांसाठी, त्यांच्याच ओवीछंदात त्याने हे पुराण छापले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. अध्यायांस त्याने ‘अवस्वरू’ असे नाव दिले. मध्येच श्रोता शंका विचारतो, वक्ता निरसन करतो. आमच्या पुराणांची ती घडण त्याने जशीच्या तशी उचलली आहे.

भाषेसंबंधी त्याने गद्य प्रस्तावनेत खुलासा केला आहे की जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून ‘ब्राह्मणभाषे’चे, म्हणजे आपल्या कोकणीचे, सुलभ शब्द त्याने जागोजाग मिसळले. ग्रंथ मराठी की कोकणी, हा वाद आमच्या द्वैभाषिक मासिकाने घालू नये हेच बरे. ऐकणाऱ्या आवयेला कळावे म्हणून जो शब्द जवळचा तो त्याने घेतला. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो. याचा परिणाम तो समजत होता की नव्हता, हे सांगणे कठीण. पण साष्टीतील श्रोत्याच्या मनात ‘वैकुंठ’ शब्दाबरोबर जे जे उभे राहत असेल, ते पुसून टाकणे कोणाही कप्तानाच्या हातचे नव्हते.

गुणदोषांचा विचार करता स्टीफन्स गोष्ट सांगतो तेथे मोठा आहे आणि खंडन करतो तेथे लहान. त्याच्या कथनात डोळ्यांपुढे स्थळ उभे करण्याची जी हातोटी आहे, तिचे मूळ त्याच्या पंथाच्या साधनेत असावे असे आम्हांस वाटते. इग्नेशियस लोयोला याने घालून दिलेल्या साधनेत, जी १५४८ मध्ये छापली गेली, ध्यानास बसणाऱ्याने प्रथम प्रसंगाचे स्थान मनाने पाहावयाचे असते. वाट कशी, घर केवढे, माणसे कोठे उभी. कवीस याहून चांगला अभ्यास कोणता? उलट आमच्या देवांचा आणि मूर्तींचा समाचार घेण्यास तो सरसावतो, तेव्हा ओवीचा ताल राहतो पण रस जातो. ते भाग वाचताना आमच्या वाचकांस वेदना होईल. ते गाळून वाचावे असे आम्ही म्हणणार नाही. कारण ते गाळले की आरंभीच्या त्या ब्राह्मणाचा प्रश्नही अर्धा होतो. एवढेच म्हणू की परमताच्या निंदेत आमचे संतकवीही नेहमी काव्याच्या उंचीवर राहिलेले नाहीत.

पुस्तकाचे पुढचे भाग्य आणखी उपरोधाचे. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. परंतु १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. म्हणजे ज्या भाषेत पुराण रचून दिले तीच भाषा आता अपराधी ठरली. तिन्ही छापील आवृत्तींची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांनी, मुख्यतः दक्षिण कानडा भागात स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी. तेही गाव सोडून गेलेलेच लोक, आणि जाताना त्यांनीही काखेत पोथीच घेतली होती. जोसेफ साल्ढाणा यांनी अशा प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळुरास रोमन लिपीत आवृत्ती काढली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रत आहे हे जस्टिन अॅबट यांच्या ध्यानी आले, ते त्यानंतर. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत पुराण छापले, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाच्या हाती ते पडू शकले. साडेतीनशे वर्षे तो मराठी ग्रंथ मराठी वाचकांच्या लिपीत छापलेला नव्हता! आणि त्याचा साक्षेपाने अभ्यास करणारे अ. का. प्रियोळकर कोठले, तर मंगेशाने आश्रय घेतला त्या प्रियोळचे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मिशनांनी वेगळी वाट धरली. त्यांचा भर ऐकण्यावर नव्हता, प्रत्येकाने ग्रंथ स्वतः उघडून एकट्याने वाचण्यावर होता. आजच्या पहाटेच्या वचनाचे कूळ हेच. पुस्तके झाली, पत्रे निघाली. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचे. पण प्रार्थनेची गाणी बहुधा इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे. मराठी माणूस ती गाई, परंतु एकटा असताना गुणगुणत नसे, आणि कोणत्याही भक्तिगीताची खरी कसोटी तीच. नारायण वामन टिळकांनी ही कोंडी फोडली. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेला हा कवी १८९३ मध्ये राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि वाचता वाचता ते गिरिप्रवचनापाशी येऊन थबकले, ही हकीकत महशूर आहे. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या वाटेने गेलो, असे ते मानीत. आणि त्यांचे अभंग वाचताना ते पटते. स्टीफन्स ख्रिस्ताची कथा सांगतो. टिळक ख्रिस्ताशी बोलतात, हट्ट धरतात, रुसतात. मराठी चर्चमध्ये त्यांची भजने आजही गातात.

परंतु टिळकांच्या भक्तिकाव्यावर लुब्ध होऊन त्यातील उणीव झाकणे टीकाकारास शोभणार नाही. ते फार सहज लिहीत, आणि सहजतेचा दोष असा की भावना आधीच तयार असते. तिला प्रसंगाची गरज उरत नाही. तुकोबांच्या अभंगात दुष्काळ आहे, दिवाळे आहे, घरातली धुसफुस आहे. टिळकांच्या पुष्कळ अभंगांत जग दिसेनासे होते आणि गोडी तेवढी मागे राहते. फुलामुलांच्या कवितांत त्यांची नजर जेवढी बारीक, तेवढी प्रार्थनेत ती नाही. १९१७ मध्ये त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारून ‘देवाचा दरबार’ मांडला, तेथे त्यांची तळमळ दिसते. दोनच वर्षांनी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले.

पंडिता रमाबाईंच्या भाषांतरास येथे थोडक्यात स्पर्श करू. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सारे बायबल सोप्या मराठीत उतरवण्याचे काम हाती घेतले, १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले, आणि १९२४ मध्ये ते तेथल्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. हिंदू दर्शनांचा वास येणारे शब्द त्या कटाक्षाने टाळीत. स्टीफन्सच्या अगदी उलट. संस्कृतात पारंगत असलेली ही विदुषी संस्कृत शब्दांस दारातूनच परत पाठवते, हे पाहून मन चकित होते. तिचे बायबल मोठ्याने वाचण्यास अडखळते, कारण मुळाशी प्रामाणिक राहण्यापुढे मराठीच्या वळणाची तिने पर्वा केली नाही. त्यामागची कळकळ मात्र खरी: लिहा-वाचावयास नुकतीच शिकलेली अनाथ बाई एकटी बसून जे वाचणार, त्यात पंडिताची मध्यस्थी नको.

आणि तरीही शास्त्रवचन रोजच्या जगण्यास लागू होताना पाहावयाचे असेल, तर आम्ही वाचकांस यांपैकी कशाहीकडे न नेता लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे नेऊ. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक भक्तिग्रंथ म्हणून कोणी वाचीत नाही. त्यात वचने जवळजवळ नाहीत. आहे तो संसार: पैसा हाती न ठरणारा नवरा, वारंवार मोडणारे बिऱ्हाड, दुष्काळ, प्लेग, पोरकी मुले. परंतु नवऱ्याने एका प्रवासात जो उपदेश वाचला, त्याची किंमत या बाईने आयुष्यभर हप्त्याहप्त्याने मोजली.

तिच्या माहेरची गोष्ट आठवावी. सत्तावन्नच्या धामधुमीत आजोबांस फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. ही पोर त्या धाकात वाढली. नवरा ख्रिस्ती झाल्यावर साडेचार-पाच वर्षे ती त्याच्यापासून दूर राहिली. पुन्हा एकत्र आली ती ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे सांभाळून, वेगळी चूल आणि वेगळे पाणी ठेवून ती त्या घरात राहिली, आणि टिळकांनी ते चालू दिले. ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. प्रवचने करणाऱ्या कवीने घरात प्रवचन केले नाही. मग एके दिवशी कोणाचेही न ऐकता, आपल्याशीच विचार करता करता बाईंच्या मनात उजेड पडला. स्त्री आणि पुरुष देवाने केले हे दिसते. जाती त्याने केल्या असे कोठे दिसते? त्या दिवसापासून त्यांनी शिवाशीव टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

हे वाचताना लक्षात येते की लक्ष्मीबाईंचे चिंतन एका वचनावर नव्हते, पाण्याच्या घड्यावर होते. शास्त्र रोजच्या व्यवहारास लावण्याचा जो उद्योग चिठ्ठी चार ओळींत उरकते, त्यास येथे वर्षे लागली, आणि मधल्या काळात बाईंनी पुष्कळ अश्रू ढाळले व त्याहून अधिक विनोद केला. हा विनोद क्षुल्लक समजू नये. स्वतःच्या धर्मांतराकडे हसून पाहू शकणारे लेखन दोन्ही बाजूंच्या प्रचारवाङ्मयात आम्हांस कोठे आढळलेले नाही. ज्यांस सोडून आली त्यांच्यावर ती दात धरीत नाही; ज्यांच्यात गेली त्यांचे दोष लपवीत नाही. तिच्या सोवळ्याच्या वर्णनात कडवटपणा नाही म्हणूनच ते आमच्या घरांस बोचते. आमच्या कित्येक घरांत आजीच्या स्वयंपाकघराचा उंबरठा कोणी ओलांडावा याचे नियम होते, आणि दिलसुखनगरातील सदनिकांत ते आजही पूर्ण मेलेले नाहीत. पिण्याच्या पाण्याचा वेगळा पेला कामवालीसाठी ओट्याखाली ठेवणारी घरे आम्ही पाहतो. अशा घरात ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास कोणत्याही धर्मात जावे लागत नाही.

‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनीच केले. त्यांच्या पश्चात १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पतिनिष्ठेचे ते लेणे आहे. परंतु साठांवर अध्याय रचणाऱ्या या बाईचे खरे पुराण गद्यात आहे, असा आमचा अभिप्राय आहे, आणि तो बदलण्यास आम्हांस कारण सापडलेले नाही.

विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केले तेव्हा त्यांनीही वचनेच निवडली. पण त्यांची निवड वेगळ्या रीतीची. एका वचनामागे दुसरे असे लावले आहे की मागचे पुढच्यास आवरते. आश्वासनाच्या शेजारी आज्ञा येते, आज्ञेच्या शेजारी क्षमा. निवड करणाऱ्याने सारा ग्रंथ आपल्या अंगात मुरवलेला असला की सारही ग्रंथासारखे वागते. रोजच्या चिठ्ठ्या काढणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा चाळावे.

आमच्या मंडळींपैकी काहींनी सुचवले आहे की चातुर्मासात संध्याकाळी एकत्र वाचन सुरू करावे, आणि त्यात एखादा दिवस ‘ख्रिस्तपुराणा’स द्यावा. यास विरोधही झाला आहे, आणि विरोध करणाऱ्यांच्या मनातील सल आम्ही वर मांडलाच आहे. आमची सूचना अशी की वाचावयाचे तर भाषास्तुतीपासून नव्हे, त्या ब्राह्मणाच्या प्रश्नापासून वाचावे; आणि हाती कॅरिदाद द्राग यांनी १९९६ मध्ये संपादिलेली देवनागरी आवृत्ती असावी. जुन्या कोकणी शब्दांचा अर्थ सांगण्यास घरातली एखादी वडीलधारी मावशी जवळ बसवावी. पुण्याच्या वाचकास कोश उघडावा लागेल अशा कित्येक जागी ती न अडता सांगेल. त्याच बैठकीत दुसरे वाचन कृष्णदास शामाचे असावे. साष्टीच्या त्या ब्राह्मणास जी पुराणे बंद झाली, त्यांतील रामायण-महाभारताच्या कथा सोळाव्या शतकातल्या कोकणी गद्यात पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. रोमन लिपीत, पाद्र्यांनी भाषा शिकण्यासाठी उतरवून घेतलेल्या. त्यांतील एखादी कथा देवनागरीत करून मिळाली, तर तिसरा दिवस तिला द्यावा.